पाळणा न हललेल्यांचं म्हणणं

आमच्या घरी सध्या तीन बायका मिळून एक मूल वाढवतायत. मी, माझी सून आणि सुनेच्या मोबाइलमधली बाई. पहिल्या दोघींच्या गाठीला बाळंतपणं आहेत, तिसरीच्या नाही. घरात शब्द मात्र तिसरीचा चालतो.

बाई दिसायला गोड आहे. वय तिशीच्या आतबाहेर. मागे फिकट रंगाची भिंत, कोपऱ्यात एक कुंडी, आणि आवाज इतका निवांत की तिचं ऐकून बाळाच्या आधी मलाच डुलकी लागते. "आपण मॉम्स ना," अशी तिची सुरुवात, "सगळ्यांचं करता करता स्वतःलाच विसरतो." मला हे पटायचंही. मग सूनबाईंनी एक दिवस सहज सांगितलं की तिचं अजून लग्न व्हायचंय. बालमानसशास्त्रात मोठी पदवी आहे म्हणे. मी तेव्हा बाळगुटी उगाळायला बसले होते. सहाणेवरचं हळकुंड होतं तिथे थांबलं. मग त्या 'आपण'मध्ये ही कधी येऊन बसली?

हे मी आमच्या ह्यांना सांगितलं. हे एसटीत होते. इथे पेणला, रामवाडीच्या वर्कशॉपात गाड्यांखाली उताणं पडून त्यांचा उभा जन्म गेला. त्यांनी पेपर खाली न करताच उत्तर दिलं. "मी आयुष्यात कधी घाटात गाडी चालवली नाही. पण ब्रेक धरत नाही म्हणून बोंबलत येणारा ड्रायव्हर माझ्याकडेच यायचा ना?"

"यायचा. पण तुम्ही कधी 'आपण ड्रायव्हर मंडळी' म्हणालात का?"

पेपर आणखी वर गेला. आमच्या घरात याचा अर्थ मुद्दा मान्य, असा होतो.

तरी माझा मुद्दा वाटतो तितका सरळ नाही, हे मलाही कळतं. मराठी माणसानं बिनालेकरांच्या लोकांकडून लेकरांबद्दल जेवढं ऐकून घेतलंय तेवढं क्वचितच कुणी घेतलं असेल. समर्थ रामदास बोहल्यावरून पळाले, ही गोष्ट शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात गर्भातल्या हालांपासून ते पोराबाळांनी भरलेल्या घरातल्या चणचणीपर्यंत संसाराचं असं वर्णन केलंय की त्यांना किमान सहा-सात मुलं असावीत असं वाटावं. दासबोध जिथे लिहिला असं मानतात ती शिवथरघळ आमच्याच रायगड जिल्ह्यातली, महाड तालुक्यात. पलीकडे न जाता पेण तालुक्यातच राहायचं तर गागोदे आहे. १८९५ साली तिथे विनोबा जन्मले. संस्कृत गीता आईला कळेना म्हणून त्यांनी ती पुढे मराठीत आणली आणि नावातच 'आई' घालून ठेवली. गीताई छापून आली १९३२ साली, तेव्हा आई हयात नव्हती. त्या माउलीचे विनोबा, बाळकोबा आणि शिवाजी हे तिन्ही मुलगे ब्रह्मचारी राहिले. तिला शेजारणींनी नातवंडांबद्दल किती छळलं असतं, याचा हिशोब मी कधीकधी करते. पण ती बिचारी त्याआधीच, १९१८ मध्ये गेली.

आणि सगळ्यांवर कडी साने गुरुजींची. आईपणाबद्दल मराठी घरांत सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पुस्तक एका अविवाहित माणसानं लिहिलं, तेही तुरुंगात. १९३३ चा फेब्रुवारी, नाशिकचा तुरुंग, आणि चार-पाच दिवसांत 'श्यामची आई'चा बहुतेक भाग कागदावर. आई जाऊन तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली होती. या पुस्तकानं पुढच्या तीन-चार पिढ्यांतल्या आयांना जो धाक घातला, तो सासूलाही जमला नसता. पोरानं जरा हट्ट केला की 'श्यामची आई अशी वागली असती का' हे विचारायला घरात कुणीतरी टपलेलंच असे. बहुतेक वेळा ते पोराचे बाबा असत.

खरं तर ती आई आमच्या मोबाइलबाईंच्या परीक्षेत पहिल्याच पेपरला नापास झाली असती. श्याम पोहायला जायला घाबरतो, लपून बसतो, तर ती त्याला फटके देऊन विहिरीकडे पिटाळते. आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हणू नये, एवढंच तिचं म्हणणं. आज असा प्रसंग सांगितला तर बाई डोळे मिटून दीर्घ श्वास घेतील आणि 'मुलाच्या भीतीला आधी जागा द्या' म्हणतील. मला दोघींचंही थोडं थोडं पटतं, हीच माझी पंचाईत.

पण गुरुजींवर रागावता येत नाही. पुस्तक पुन्हा उघडून बघा, ते आईच्या वतीनं बोलतच नाहीत. पोराच्या वतीनं बोलतात. आणि पोर असण्याचा अनुभव तर जन्माला आलेल्या प्रत्येकाकडे असतो. परदेशात याच्या उलटही झालंय. रूसोनं १७६२ साली मुलं कशी वाढवावीत यावर 'एमिल' हा जाडजूड ग्रंथ लिहिला. स्वतःची पाचही मुलं त्यानं जन्मतःच अनाथालयात सोडली होती. म्हणजे मुलं झाली एवढ्यावर अधिकार येतो म्हणावं, तर तेही खरं नाही. किंडरगार्टन जगाला देणाऱ्या जर्मन फ्रोबेलला मूलबाळ नव्हतं. त्यानं १८४४ साली आयांनी तान्ह्यांना म्हणायच्या गाण्यांचं पुस्तक काढलं, ते तिकडच्या आयांनी आनंदानं वापरलं.

यातल्या एकालाही कुणी विचारलं नाही, की बाबा रे, तुला पोरं किती? लग्न न करता विशीच्या उंबऱ्यावर समाधी घेतलेल्या ज्ञानेश्वरांना अख्खा महाराष्ट्र माउली म्हणतो, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. मलाही नाही. पोरांचा हिशोब मागायचा तो फक्त बायकांकडे. वांझेला काय कळणार बाळंतपणाच्या कळा, ही म्हण पुरुषांसाठी कुणी केल्याचं माझ्या कानावर नाही. पुरुषाला मूल नसलं तर तो संत, नाहीतर समाजकार्याला वाहून घेतलेला. बाईला नसलं तर तिनं दुसऱ्याचं मूल रडताना गप्प बसावं.

म्हणूनच मोबाइलबाईंना 'तुला काय कळतंय' म्हणायला माझी जीभ वळवळते तेव्हा मला मावशी आठवतात.

माझ्या बाळंतपणात बाळाला न्हाऊ घालायला खाडीकडच्या गावातून एक मावशी यायच्या. सकाळच्या पहिल्या गाडीनं रामवाडीला उतरायच्या, पदर खोचून सरळ न्हाणीघरात. त्यांची कूस उजवली नव्हती. नवऱ्यानं त्यापायी दुसरी केली होती, हे त्या पाणी तापेपर्यंतच्या वेळात भाताचा भाव सांगावा तसं सांगायच्या. पाटावर बसून पाय लांब पसरायच्या आणि बाळ नडग्यांवर पालथं घ्यायच्या. पाण्यात हात घालायच्या नाहीत, कोपर बुडवायच्या. हात राकट झालेत, त्यांना चटका कळत नाही, कोपराला कळतो, असं त्यांचं शास्त्र. आधी कोमट खोबरेल, टाळूवर वेगळं चोळून जिरवलेलं. मग डाळीचं पीठ आणि साय. डावा हात बाळाच्या हनुवटीखाली असा वळवलेला असायचा की पाणी पाठीवरून कितीही वाहो, नाकातोंडात थेंब जायचा नाही. पहिला तांब्या पडला की बाळ श्वास रोखायचं, लालबुंद व्हायचं आणि मग असा टाहो फोडायचं की तिकडे वर्कशॉपातल्या भोंग्यालाही ऐकू जावा.

मी आई. मी पलीकडच्या खोलीत कानात बोटं घालून बसलेली.

"बाय, पोरगं काय साखरेचं नाय, इरघळायचं नाय," आतून आवाज यायचा. अंघोळीनंतर निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा आणि वेखंड टाकून त्या धुरी द्यायच्या. आजचे डॉक्टर बाळाला धूर द्यायला नको म्हणतात, बरोबरच म्हणतात. मग दुपट्यात घट्ट गुंडाळून बाळ माझ्या मांडीवर ठेवायच्या आणि एकदा त्याचं रडणं कान देऊन ऐकायच्या. हे भुकेचं. हे पोटातलं. हे नुसतं चोचले. त्यांचं सहसा चुकायचं नाही. माझं रोज चुकायचं. कारण साधं होतं. मी तोवर एकच मूल ऐकलेलं, आणि तेही अर्धवट झोपेत. त्यांनी पेण आणि रोह्याच्या मधल्या गावांतली शेकड्यांनी ऐकली असतील, पूर्ण जागेपणी.

बारशाच्या दिवशी मात्र मावशी स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आल्या नाहीत. पाळण्याखालून आणि वरून बाळ द्यायला-घ्यायला लेकुरवाळ्या बायका लागतात. त्यांना कुणी अडवलं नव्हतं; कुठे थांबायचं हे त्यांना पाठ झालं होतं. ज्या पायांवर ते पोर रोज पालथं पडायचं, ते पाय पाळण्याजवळ चालत नव्हते. लुगडं आणि नारळ त्यांना मागच्या दारी दिला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पहिल्या गाडीनं पुन्हा हजर.

तर मूल नसलेल्या बाईनं मुलांबद्दल बोलावं की नाही, हा प्रश्न आपण आज नव्यानं विचारतोय असं वाटतं तेवढंच. आपल्याकडे त्याचं उत्तर फार पूर्वीपासून ठरलेलं आहे: राबावं, पण बोलू नये.

हे उत्तर धुडकावणारी एक बाई महाराष्ट्रात होऊन गेली, तिच्याबद्दल जरा सविस्तर. अनुताई वाघांचा जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. मूल व्हायचा प्रश्नच उरला नाही. शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या, पुढे डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर. ताराबाईंना मुलगी होती, अनुताईंना कुणी नाही. टेकडीवरच्या वारली पोरांना या फरकाचं काही सोयरसुतक असेल असं वाटत नाही. पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर या दोघींनी आयांना व्याख्यान दिलं नाही. पोरं का येत नाहीत ते बघितलं. आईबाप मजुरीला जातात, मोठी मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन घरी बसते. मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे कडेवरचं पाळण्यात आणि कडेवर घेणारी वर्गात. तिला नाव दिलं विकासवाडी. काही पोरं गुरांमागे जातात, तर शाळाच कुरणावर. काही पाड्याबाहेर पडत नाहीत, तर शाळा अंगणात. आज गावोगाव जी अंगणवाडी आहे, तिची पाळंमुळं या अंगणात आहेत. सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली.

आणि त्या शाळेत पहिला तास बाराखडीचा नसे. आलेल्या पोराला धुणं, नखं काढणं, केस विंचरणं, तिथून दिवस सुरू व्हायचा. अनुताईंनी पुढे मुलांबद्दल भरपूर लिहिलं, भाषणं केली, बालवाडीच्या शिक्षिका तयार केल्या. त्यांना 'तुम्हाला काय कळतंय' कुणी म्हटलं असेलही. पण ज्या पोराच्या डोक्यातल्या उवा तुम्ही काढल्यात त्याच्या आईला ते म्हणणं जरा जड जात असणार.

मोबाइलबाईंशी माझं भांडण इथे येऊन थांबतं. त्यांना मूल नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. त्या उद्या येणार नाहीत, याबद्दल आहे. मावशींनी आज काही सांगितलं आणि ते उलटलं, तर उद्या पहिल्या गाडीनं येऊन त्यांना ते बघावं लागे; माझं तोंड आणि बाळाचं पोट, दोन्ही. बाई सांगतात, "रात्री मूल उठलं की आधी स्वतः शांत व्हा." सल्ला सोन्यासारखा आहे. पण पहाटे तीन वाजता सूनबाई एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन शांत व्हायचा प्रयत्न करत असतात, तेव्हा बाईंच्या घरी सामसूम असते. ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे देता येतं. थकवा देता येत नाही. दिला असता तर मी सासूबाईंच्या काळातच देऊन टाकला असता.

आता दुसरी बाजूही सांगून टाकते, नाहीतर सूनबाई हे वाचतील आणि म्हणतील, आईंनी सोयीचं तेवढं लिहिलं. बाळ घरी आलं तेव्हा मी चाटवायला मध काढला होता. सोन्याच्या वळ्यानं चाटवायचा, आमच्याकडची रीत. सूनबाईंनी मोबाइल पुढे केला: वर्षाच्या आत मध अजिबात द्यायचा नाही, त्यातल्या जंतूंनी तान्ह्याला गंभीर आजार होऊ शकतो. मी म्हटलं, तिला काय ठाऊक. मग बालरोगतज्ज्ञांनी तेच सांगितलं. आमच्याकडच्या अंगणवाडी सेविकेनंही तेच सांगितलं, आणि वर सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, अगदी पाणीसुद्धा नाही, ही पुस्ती जोडली. तिनं वजनकाट्यात बाळ घालताना माझ्याकडे बघून हे म्हटलं. सुनेकडे बघून नाही. सहाण धुऊन फडताळात गेली. डोळ्यांत काजळ नाही, कानात तेल नाही. म्हणजे तीन पिढ्यांच्या लेकुरवाळ्या एका बाजूला आणि एक बिनलग्नाची मुलगी दुसऱ्या बाजूला, आणि बरोबर ती मुलगी. आईपणात माया आपोआप येते. माहिती येत नाही, हे आम्ही कबूल करत नाही एवढंच.

आणि कधीकधी आयांच्या वतीनं बोलायला दुसरं कुणी नसतंच. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. स्वतःला मूल होऊ द्यायचं नाही, हा त्यांचा आणि पत्नी मालतीबाईंचा निर्णय होता. या कामापायी त्यांची कॉलेजातली प्राध्यापकी गेली, तरी १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, कोर्टाच्या पायऱ्या चढले. एका खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. 'स्वतःला एक पोर नाही आणि आम्हाला सांगतो' हे त्यांच्याबद्दल किती ओसऱ्यांवर बोललं गेलं असेल. पण ज्या बाईला आठव्यांदा दिवस गेलेले, सातवं अंगावर आणि सहावं पदराला, तिनं बोलायचं कधी? माझ्या आजीला एकदा मी विचारलं होतं, तुला इतकी मुलं हवी होती का? ती म्हणाली, विचारलं कुणी? ते जर कुणी विचारत असेल, तर त्याच्या घरी पाळणा आहे की नाही हे बघायला मी जाणार नाही.

आमचं पेण गणपतींचं. हमरापूर, जोहे या बाजूला घरटी कारखाना. तिथे बसलं की माझ्या मनात एक आगाऊ विचार येतो. हा देव मुळात आईनं एकटीनं, स्वतःच्या अंगच्या मळाचा केलेला. सगळं नीट चाललेलं. मग बाहेरून एक जण आला. पोराची माहिती नाही, आईला विचारणं नाही, आज्ञाधारकपणाबद्दल मतं मात्र पक्की. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मुलाच्या संगोपनात बाहेरच्याचा हस्तक्षेप याहून जास्त अंगाशी आल्याचं उदाहरण पुराणात तरी नसेल. गंमत म्हणजे ते तज्ज्ञही नव्हते, वडीलच होते. आणि कारखान्यात डोळ्यांच्या आखणीला बसलेला पोरगा अजून विशीतला, अविवाहित. पण बाळगणेशाच्या डोळ्यांत तो जे लाडिक भाव आणतो ते लेकुरवाळ्या कारागिराला आणता येतात असं नाही.

परवा नागोठण्याला जायचं होतं. रामवाडीला मुंबईकडून आलेल्या गाडीत चढले, तर मधल्या सीटवर एक पोरगेलशी बाई आणि तिच्या मांडीवर सहा-सात महिन्यांचं पोर, गळा काढून रडणारं. गाडी हलायच्या आत निदानं सुरू झाली. दात येतायत. कान दुखतोय. दृष्ट लागलीय. टोपडं घाला. टोपडं काढा. माझ्या शेजारचे आजोबा ओव्याची पुरचुंडी हुंगवा म्हणत होते. मी स्वतः, खोटं कशाला बोला, 'पालथं घे गं जरा' एवढं म्हणून घेतलं. प्रत्येक जण वाक्याच्या शेवटी आपल्याला किती पोरं ते सांगत होता, म्हणजे वजन पडावं.

कंडक्टर मुलगी होती, पंचवीसेक वर्षांची, गळ्यात मंगळसूत्र नाही. तिकिटं फाडत ती तिथवर आली, पोराकडे बघितलं, आणि खिडकीशी मोबाइलवर सिनेमा बघत बसलेल्या गृहस्थांना म्हणाली, "काका, उठा. ताईंना तिथे बसू द्या." काका कुरकुरत उठले. तिनं खिडकीची काच दोन्ही हातांनी दणका देऊन मागे सारली, त्या बाईची पिशवी स्वतः वर फळीवर टाकली आणि पुढे निघून गेली. पोर वाऱ्याला दोन मिनिटं दचकून गप्प झालं, मग नव्या दमानं सुरू झालं. वडखळ आलं तरी रडत होतं. पण त्याच्या आईला आता निदान पाठ टेकायला जागा होती, आणि आजोबा अजून ओव्याचंच सांगत होते.